घाण्यावरचा माठ

मामाजींच्या पायाला चटका कळत नाही, याचं आमच्या गावात मोठं कौतुक होतं. गुळाच्या दिवसांत चुलाणाच्या तोंडाशी, गरम राखेत ते अनवाणी उभे राहत. बाहेरगावचा पाहुणा आला की माणसं त्याला मुद्दाम गुऱ्हाळावर आणत. मामाजी मग निखाऱ्यावर टाच टेकवून वाकत आणि त्याच निखाऱ्यावर विडी पेटवत. नानाजी गुळव्याचा पाय लोखंडाचा आहे असं सिंदेवाहीच्या बाजारापर्यंत बोललं जाई. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांचा हा पाय पाहून मलाही अभिमानच वाटला होता.

आम्ही कोहळी. धान सगळेच पिकवतात, पण तलावाच्या पाण्यावर ऊस लावावा आणि त्याचा गूळ करावा तो आमच्या लोकांनी. पौष लागला की गावाबाहेरच्या आंब्याखाली घाणा उभा राही, बैल फिरू लागत, आणि होळीपर्यंत साऱ्या गावाला रसाचा आणि धुराचा वास येई. कढई मामाजींची. रस कधी आटला, मळी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा, हे त्यांनी सांगायचं. उतरवलेला गूळ घट्ट झाला की त्याचा पहिला तुकडा गुळव्याच्या तोंडात जायचा. तो त्यांनी चघळून मान हलवली की मगच भेली, म्हणजे गुळाची ढेप, फोडायची. प्रत्येक कढईला असं. मामाजींच्या वडलांपासून असं.

माझी लेक बेबी तान्ही होती त्या वर्षीची, धुक्याची सकाळ. मी बेबीला पाठीशी बांधून न्याहारी घेऊन गेले होते. जाळावर बसणारी मंगली चिपाडं चुलाणात सारत होती. तिनं नाक वर केलं, इकडं तिकडं पाहिलं.

"नानाजीभाऊ, पाय उचला जी," ती म्हणाली. "चामडं जळून राह्यलं."

मामाजींनी पाय उचलला. अंगठ्याच्या मागे तळव्याला निखारा चिकटला होता. त्यांनी तो काडीनं झटकला आणि हसले. सगळे हसले. मीही हसले असेन.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मी ओसरी नुकतीच सारवली होती. त्यांची पावलं ओल्या शेणात उमटली आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्यावर कावल्या की सारवायची ही वेळ आहे का. मी पुन्हा हात फिरवायला बसले. डाव्या पायाचा ठसा साधा होता. उजव्याच्या अंगठ्यामागे मात्र चिकट काही लागलं होतं. बोट लावून पाहिलं. ते पाणी नव्हतं.

जखम भरेना. हळद लावली, कडुनिंबाचा पाला बांधला. आठवडी बाजार येऊन गेला, पुन्हा आला, आणि तळव्याचं भोक खोलच होत गेलं. तसं पाहिलं तर दोन वर्षं त्यांच्या पाठीवर गळवं येत होती, एक बसलं की दुसरं. अंगरखा खांद्यावर सैल पडत होता. तहान अशी की लोटा हातातून सुटत नसे. पण घाण्याच्या धगीपुढे उभ्या माणसाला तहान लागणारच, असं आम्ही म्हणत होतो. उसाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते लघवीला बसत तिथे मुंग्या जमत. उसात मुंग्या असतातच, तेही आम्ही म्हणत होतो.

पाय सुजून वास यायला लागला तेव्हा ह्यांनी बंडी जुंपली. मामाजींचा हा एकुलता मुलगा, वडलांपुढे तोंड वर करून कधी बोलला नव्हता; त्या दिवशी त्यांना उचलूनच बंडीत बसवलं. जखम धुवायची माहिती मलाच होती म्हणून मी बरोबर गेले, आणि बेबी अंगावर पिणारी म्हणून तिलाही घेतलं. सिंदेवाहीला रेल्वेच्या छोट्या गाडीत बसलो आणि जिल्ह्याच्या गावी, चांद्याला उतरलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि आधी लघवी मागितली. मामाजी शरमेनं लाल झाले. सुनेसमोर ही काय गोष्ट. मी पाठ फिरवून भिंतीकडे पाहत राहिले. पण पुढचं पाहायला मात्र मला वळावंसं वाटलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. नळीत उकळी फुटली तसे मामाजी पायाचं दुखणं विसरून पुढे सरकले. उकळीचं काम त्यांचं.

"हलवत राहा जी, नाही तर उतू जाईल," ते डॉक्टरांना म्हणाले.

डॉक्टर हसले. निळं औषध हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं तांबडं आणि गढूळ. ते म्हणाले की हे निळं राहायला पाहिजे होतं. तांबडं झालं ती साखर. लघवीत एवढी, तर रक्तात किती असेल.

मग त्यांनी बराच वेळ समजावून सांगितलं. जखम झाली की तिच्यावर धावून जायला रक्तात राखणदार असतात. साखर फार झाली की ते सुस्तावतात, आणि पू करणारे जंतू मात्र त्याच साखरेवर माजतात. म्हणून गळवं, म्हणून हा पाय. गोड खाल्ल्यानंच हा रोग लागतो असं नाही, पण लागल्यावर गोड खाणं म्हणजे पेटल्या चुलाणात चिपाड घालणं. हा ताप नाही की घाम येऊन उतरेल. तो जन्माचा सोबती. लगाम लावला तर बरोबर चालेल, मोकळा सोडला तर पुढे डोळे खाईल.

मामाजींनी एकच विचारलं, निखारा कळला काऊन नाही.

"बाबा, तो पाय लोखंडाचा नव्हता," डॉक्टर म्हणाले. "साखरेनं त्यातल्या नसा मरत होत्या. गोड बंद करा, भात चिमूटभर घ्या. होळीच्या सुमाराला परत दाखवा. अंगठा काळा पडून ते काळं मागे सरकलं असेल, तर पाय घोट्यातून कापावा लागेल."

ज्या पायाचं त्यांनी इतकी वर्षं प्रदर्शन मांडलं, तो त्यांनी हळूच धोतराच्या सोग्याखाली ओढून घेतला.

तिथं सुया दिल्या, पू काढला, काही दिवस ठेवून घेतलं. निघताना डॉक्टरांनी निळ्या औषधाची बाटली आणि एक नळी मामाजींच्या हाती दिली. उकळी ओळखणारा माणूस आहे, रोज सकाळी स्वतःच पाहील, असं ते म्हणाले.

गावात आल्यावर मामाजी घरी गेलेच नाहीत. बंडी आधी गुऱ्हाळावर नेली, कढईच्या काठावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले की आजपासून गूळ माझ्या तोंडी नाही. मंगलीनं पदरानं डोळे टिपले. कोणीतरी म्हणालं, मग गुळव्या कोण?

शेजारच्या गावचा मुखरू आला. माणूस कामाचा, पण जिभेला हाड नसलेला. मामाजी आंब्याखाली बाजेवर, पाय धानाच्या तणसाच्या उशीवर, आणि मुखरू त्यांच्या जागेवर. पहिली कढई उतरली तेव्हा सवयीनं सगळ्यांची मान बाजेकडे वळली. मुखरूनं पहिला तुकडा उचलला, तोंडात टाकला, आणि चघळत चघळत बाजेजवळ आला.

"नानाजीभाऊ, तुमच्या वाटचाबी मीच खाऊन राह्यलो," तो म्हणाला. "पोट दुखलं तर तुमचं नाव सांगीन."

लोक हसले. मामाजीही हसले. मी भाकरीचं फडकं बांधत होते, गाठ बसेना.

घरी आत्याबाईंनी राज्य हाती घेतलं. गुळाचं मडकं शिंक्यावरून उतरवून शेजारी नेऊन ठेवलं. धानाच्या राशीत वाढलेला माणूस, त्याच्या ताटात जवारीची भाकर, आंबाडीची भाजी, तलावातल्या मासळीचं कालवण आणि भात एवढासा, की बेबीच्या मुठीत मावेल. मामाजी पुढ्यात येईल ते जेवत. कधी भाकरीचा तुकडा हातात धरून समोरच्या कोठीकडे, स्वतःच पिकवलेल्या धानाकडे पाहत बसत.

आणि तरी रोज सकाळी नळी तांबडी.

ते अंगणात तीन दगडांमध्ये काटक्या पेटवत, चिमट्यात नळी धरून हलवत, आणि आम्ही सगळे आपापलं काम करत असल्याचं दाखवत तिकडेच पाहत असू. निळं, हिरवं, पिवळं, तांबडं. ते नळी धुऊन ठेवत आणि काठी टेकत गुऱ्हाळाकडे निघत. मी जखम उकळलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवायची, माझ्या जुन्या लुगड्याची धुतलेली पट्टी बांधायची. जखमेचे काठ पांढरे, मेल्यासारखे. अंगठ्याच्या नखाकडेला काळी कड आली होती. ती मी रोज माझ्या करंगळीच्या नखाशी मापून पाहत असे आणि कोणाला सांगत नसे.

आत्याबाईंना एकच अर्थ दिसत होता. म्हातारा चोरून खातो. त्या त्यांचं तोंड हुंगत, जसं लहान पोराचं हुंगावं. मामाजी शपथ घेत, त्या म्हणत, नळी खोटं बोलते काय. ह्यांना वाटलं औषधच नासलं असेल. मला काय वाटत होतं ते सांगवत नाही. मीही एकदा त्यांच्या उशीखाली हात घालून पाहिला होता, आणि रिकामा हात बाहेर काढताना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

एके दिवशी दुपारी गुऱ्हाळावर, सगळ्या मजुरांसमोर, आत्याबाईंनी मामाजींच्या डोक्याचा पटका ओढला आणि उलगडला, घडीत गूळ लपवलाय का ते पाहायला. पटक्याचा तो लांब पांढरा कपडा राखेत लोळला. मामाजींचं पिकलं डोकं उघडं पडलं. घाणा थांबला.

"पाहा," मामाजी म्हणाले. "आनखी कुठी पाहाचं आहे ते पाहून घे."

आत्याबाईंना पटका गुंडाळता येईना. तो मी झटकून गुंडाळला. त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मी भाकरी घेऊन गेले. बेबी वाटेतच किरकिरायला लागली होती. दात येत होते, अंग कोमट होतं, ओठ सुकले होते. मी तिला बाजेवर मामाजींच्या पायाशी ठेवलं आणि मंगलीकडे थोडं पाणी मागितलं. मंगलीनं घाण्याखालच्या मडक्यात लोटा बुडवला आणि फेसाळ रस आणून दिला.

मी म्हटलं, रस नको, एवढीशी पोर आहे, पाणी दे.

"पानी?" मंगली म्हणाली. ती खरंच बुचकळ्यात पडली. "इथी पानी कायले राहीन, बाई? रस आहे ना."

मी गुऱ्हाळभर नजर फिरवली. भेंडीचं पाणी होतं मळी काढायला, बैलांच्या डोणीत पाणी होतं. माणसाला प्यायचं पाणी कुठंच नव्हतं. बाजेखाली मामाजींचा पितळी लोटा होता. त्याच्या काठावर दोन माशा बसल्या होत्या.

"मामाजी," मी विचारलं, "तुम्ही दिवसभर पानी कुठलं पिता?"

"घान्यावर कोन पानी पिते, पोरी?" ते म्हणाले. मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं, असं त्यांच्या तोंडावर होतं.

हे आमच्या लोकांना कोणी शिकवलेलं नव्हतं. घाणा चालू असेतोवर रस म्हणजे पाणी. तहान लागली की लोटा बुडवायचा. पाहुण्याला, मजुराला, वाटसरूला. त्याला कोणी खाणं म्हणत नाही, गोडही म्हणत नाही. गोड म्हणजे गूळ. चांद्याच्या डॉक्टरांना आम्ही काय काय खातो ते सगळं सांगितलं होतं. रसाचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही, जसं आपण श्वास घेतो हे कोणी सांगत नाही.

मी नळी आणि निळं औषध आणायला घरी धावले. धावताना पायात काटा मोडला तो संध्याकाळी दिसला. परत आले तोवर मामाजींनी सारं ओळखलं असावं. ते लोट्याकडे पाहत बसले होते. चुलाणातला एक निखारा मंगलीनं खापरीवर काढून दिला. मामाजींनी निळं औषध घेतलं, लोट्यातल्या रसाचे थेंब टाकले आणि नळी हलवू लागले. मुखरू कढई सोडून आला, हे आले, आत्याबाई कुंपणाशी उभ्या होत्या त्या आत आल्या.

हिरवं नाही, पिवळं नाही. उकळी फुटायच्या आत नळी विटेच्या रंगाची झाली.

बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

"मी गूळ सोडला," मामाजी सावकाश म्हणाले, "अन् गूळ पीत राह्यलो."

साखरेनं तहान लागायची, तहानेला रस, रसातून साखर. घाण्याच्या बैलासारखं ते त्याच गोलात फिरत होते. त्यांनी लोटा उचलला आणि रस राखेत ओतला. चर्र आवाज झाला.

त्या संध्याकाळी मी कुंभाराकडून माठ आणला. सकाळी विहिरीवरून भरून, डोक्यावर माठ, पाठीशी बेबी, अशी गुऱ्हाळावर गेले आणि आंब्याच्या बुंध्याशी वाळूवर ठेवला. मुखरूला राहवलं नाही. तो म्हणाला, लग्नाच्या पंगतीत घरून भाकर बांधून आनली म्हना ना. पण दुपारी कोणी पाहत नाहीसं बघून त्यानंही माठात लोटा बुडवला, ते मी पाहिलं.

पहिले दिवस वाईट गेले. मामाजींचं डोकं दुखे, हात थरथरत, पाण्याला लोखंडाची चव येते म्हणून ते लोटा ढकलून देत. एकदा ह्यांच्यावर ओरडले, एकदा बेबीवरसुद्धा, आणि मग तिला मांडीवर घेऊन झोपेपर्यंत थोपटत बसले. आत्याबाई माफी मागणाऱ्यातल्या नव्हत्या. पण दुपारचा स्वयंपाक माझ्यावर टाकून त्या गुऱ्हाळावर जाऊन बसू लागल्या. मजुरांसमोर स्वतः माठातून लोटा भरायचा, पदरानं त्याचं बूड पुसायचं आणि दोन्ही हातांनी मामाजींपुढे धरायचा. मामाजी घ्यायचे. तेवढ्यातच दोघांचं सगळं बोलून झालं.

नळी तांबड्यावरून नारिंगी झाली. मग पिवळी. पिवळ्यावर ती अशी अडली की ह्यांनी पुन्हा औषधाला नावं ठेवली. मग एका सकाळी हिरवी. तळव्यावरची मेली कातडी सुटली आणि तळाशी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल मांस दिसलं. ते पाहून मला रडू फुटलं, आणि मामाजी घाबरले, त्यांना वाटलं पाय गेला. नखाकडची काळी कड तिथंच थांबली, वाळली आणि खपलीसारखी गळून पडली. पाठीवर नवं गळू आलं नाही. तहान ओसरली. रात्रीतून उठणं थांबलं.

आणि मग तो दिवस. मी चुलीशी होते. अंगणातून मामाजींनी कधी नव्हे ते मला नावानं हाक मारली.

"अन्नपूर्णे, इकडं ये. पाह्य."

नळीत उकळी फुटत होती आणि औषध निळं होतं. त्यांनी जाळावर धरून ठेवलं, हलवलं, पुन्हा धरलं. निळंच. उन्हाळ्यातल्या तलावासारखं स्वच्छ निळं. ते नळी घेऊन आळीभर फिरले. ज्यांनी पायाचं प्रदर्शन पाहिलं होतं, त्यांना आता नळी पाहावी लागली, नाकाला पदर लावून का होईना.

होळीच्या आधी चांद्याला गेलो. जखम भरली होती; डॉक्टरांनी पाय दाबला, सुई टोचून पाहिली. मामाजींना सुई कळली नाही. ते गेलेलं परत येणार नव्हतं आणि डॉक्टरांनी तसं सांगितलं. रोज तळवा पाहायचा, घराबाहेर अनवाणी पाऊल टाकायचं नाही, लगाम जन्मभर सोडायचा नाही. मग ते हात धुवायला वळले आणि पाठमोरेच म्हणाले की पाय तुमचा तुमच्याकडेच राहिला.

परत आलो तर तलावाकाठचा शेवटचा ऊस घाण्यावर लागला होता. उशिरा राहिलेला ऊस, त्याचा रस जड. कढईत तो नुसता फसफसत होता. मुखरू पाकाची गोळी करून चाखत होता, थुंकत होता, पुन्हा चाखत होता. हंगामभर गूळ चाखून त्याची जीभ बधिर झाली होती. उतरवायचा की ठेवायचा, त्याला उमजेना. घटकाभर उशीर झाला तर सगळं करपणार होतं.

मामाजी आंब्याखाली उभे होते, पायात जाड तळाच्या नव्या वहाणा. डोळे मिटून ते कढईची भदभद ऐकत होते.

"मुखरू, बाजूले हो," ते म्हणाले.

मुखरू बाजूला झाला. मामाजी आपल्या जुन्या जागेवर उभे राहिले. काडीनं पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि पितळी थाळीवर टाकली. बद्द आवाज आला. त्यांनी मान हलवली. मंगलीला जाळ ओढायला सांगितलं. वाफ हातानं नाकाकडे घेतली. पुन्हा गोळी, पुन्हा थाळी. सगळं गुऱ्हाळ कान देऊन उभं होतं. बोटाला लागलेला पाक त्यांनी जिभेकडे नेला नाही, धोतराला पुसला.

मग गोळी थाळीवर पडली आणि टण्ण वाजली.

"उतरवा."

हे आणि मुखरू दांड्याला लागले. पाक ओतला, घोटला, आणि तो पाहता पाहता थिजत आला, सोन्यासारखा पिवळा, मोडला तर रवाळ. त्या हंगामात असा गूळ पडला नव्हता. मुखरूनं पहिला तुकडा काढला, पण स्वतःच्या तोंडात टाकला नाही. दोन्ही तळहातांवर घेऊन मामाजींपुढे आला. मस्करी कुठल्या कुठं गेली होती. गुळव्यानं तोंड लावल्याशिवाय भेली फोडायची नसते, आणि मामाजी तर तोंड लावणार नव्हते. म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

मामाजींनी तुकडा घेतला. नाकाशी नेला, मोठा श्वास भरून वास घेतला. मग वहाणा वाजवत घाण्याकडे गेले आणि ढवळ्या बैलापुढे हात धरला. ढवळ्यानं लांब जीभ काढून तुकडा उचलला.

"साऱ्या हंगामभर घाना यानं फिरवला," मामाजी म्हणाले. "पयला घास त्याचा."

ढवळ्यानं चघळत चघळत मान हलवली, अगदी हवी तशी. आधी मंगली हसली, मग सगळेच.

"बैल गुळव्या झाला तर पुढच्या साली मले कोन बोलवंल गा," मुखरू म्हणाला, आणि त्यानंच पहिली भेली फोडली.

मी घाईनं घरी आले, कारण सणाचं सारवण राहिलं होतं. ओसरी सारवून हात धुते आहे तोच मामाजी आले. वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या, तळवा हातानं चाचपून पाहिला, आणि माझ्या ओल्या ओसरीवरून सरळ चालत बेबीच्या पाळण्याशी गेले. मागून आत्याबाई आल्या. मी बोलणी खायच्या तयारीनं शेणाची पाटी उचलली.

आत्याबाई खाली वाकल्या. उजव्या पायाचा ठसा त्यांनी निरखून पाहिला. पाचही बोटं, अंगठा, त्याच्यामागचा गोल, टाच. कुठंच चिकट नाही, सगळं पुरं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाळू दे तसंच."

आणि त्या ठशांना वळसा घालून, भिंतीला धरून आत गेल्या.